तीन अक्षरांचा मान

शाळेतून निघतानाच तिने भांडायचं ठरवलं होतं. पुरावा पर्समध्ये होता, नववीतल्या एका मुलीची उत्तरपत्रिका. ती इंग्रजीची शिक्षिका, आणि पेपरात तिने 'चूक दुरुस्त करा' असा प्रश्न घातला होता आणि त्यात 'द डॉक्टर आर इन हिज रूम' असं वाक्य दिलं होतं. मुलीने ते जसंच्या तसं ठेवून खाली सुवाच्य अक्षरात टीप दिली होती : वाक्य बरोबर आहे, खात्रीसाठी दातांच्या दवाखान्यावरची पाटी पाहावी. फुली मारलेली पाहून ती मुलगी टेबलापाशी आली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, पाटी तुमच्या बाबांनीच रंगवलीय."

त्यावर सगळा वर्ग हसला. कर्ता एक असेल तर क्रियापद एकवचनी, हे ती सोळा वर्षं घसा कोरडा करून शिकवत होती, आणि तिचा सख्खा बाप शाळेच्या रस्त्यावर दर चार दुकानांमागे एक पाटी लावून ते पुसत होता.

बाबाचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली होती. आत टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकलेले पत्रे, डब्यात शेंडी वर करून उभे असलेले ब्रश. बाहेर दोरीला त्याची स्वतःची पाटी लटकलेली असायची. तिच्या एका बाजूला 'पेंटर इज इन' आणि दुसऱ्या बाजूला 'पेंटर इज आउट'. बाबा स्टुलावर बसला होता, चष्मा कपाळावर, डावं मनगट उजव्या मनगटाखाली टेकू म्हणून धरलेलं. आणि समोर नेमकी तीच पाटी, वर्षाचा नवा हात मारायला आलेली. 'डॉक्टर आर इन.'

"आलीस? बघ, आरचा पाय कसा सुटलाय," तो म्हणाला.

आरचा पायच मोडायला आलेय, असं तिने सांगितलं. उत्तरपत्रिका दाखवली. बाबाने ती हात लांब करून वाचली आणि मुलीचं अक्षर चांगलं आहे म्हणाला.

मग नेहमीचा वाद सुरू झाला. ती म्हणाली, डॉक्टर एक आहेत ना? एकाला इज, अनेकांना आर. बाबाचं म्हणणं, तू स्वतःच आत्ता 'डॉक्टर आहेत' म्हणालीस. कुत्रा आहे, स्टूल आहे, डॉक्टर आहेत. चार पोरांच्या दातांवर उपचार करणाऱ्या माणसाला मी कुत्र्याचं क्रियापद लावू?

हा नियम त्याने रस्ताभर पाळला होता. ज्यांच्याबद्दल आदर त्यांना आर, बाकीच्यांना इज. मुख्याध्यापिकाबाईंना आर, घड्याळजींना आर. किल्ल्या करणाऱ्याला आधी इज होतं. त्याने एकदा बाबाचं कुलूप न फोडता उघडून दिलं, तेव्हा बढती मिळाली. लाँड्रीवाल्याने मात्र बाबाचा एकुलता एक बरा शर्ट इस्त्रीने भाजला होता, म्हणून त्याला इज. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता, पण मोजता येत होतं. "सगळ्यांना तीन अक्षरं आणि मला दोनच का हो?" असं तो तीन वर्षं विचारत होता. बाबा म्हणायचा, रंग संपला होता.

"इंग्रजीत आदर क्रियापदात नसतो, बाबा," ती म्हणाली.

"मग कुठे ठेवतात ते लोक?"

तिने उत्तरपत्रिका घडी करून पर्समध्ये टाकली. तेवढ्यात त्याने आपला जुना हुकमी पत्ता टाकला. यू आर. समोर एकटाच माणूस उभा आहे, तरी यू आर. ते कसं चालतं?

"तो वेगळा नियम आहे."

"म्हणजे समोर असला की आर, आणि पाठ फिरली की इज," बाबा म्हणाला. "फार तोंडदेखली भाषा शिकवतेस बाई तू."

एरवी ती इथे हसली असती. पण कानात अजून वर्गाचं हसू होतं. चूक ती चूक, ती म्हणाली. तुझ्या हौसेपायी माझी मुलं नापास होतात, आणि मला वर्गात मान वर करता येत नाही.

बाबाने चष्मा नाकावर घेतला. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि सुंदर पाय सुटलेलं ते ओलं आर, ए-आर-ई, तीन फटक्यांत पुसून टाकलं. मोकळ्या जागेत आय आणि एस काढले. दोन अक्षरांना जागा जास्त झाली. ती दोघंही जरा पोरकी दिसत होती.

"आता बरोबर?"

"आता बरोबर." वातावरण हलकं करावं म्हणून तिने दाराकडे बोट केलं. "तुझी ती एकच पाटी पहिल्यापासून बरोबर आहे."

"स्वतःला कोण आर लावतं?" बाबा म्हणाला आणि ब्रश धुवायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाने चहा ठेवला, खुर्चीत बसला, आणि चहा उतू गेला तरी उठला नाही.

भेटायला येणाऱ्यांपैकी प्रत्येक जण म्हणत होता, पेंटर फार चांगले होते. होते. तिच्या कानाला ते खटकत राहिलं. आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि तिच्या तोंडी बाबा कायम एकवचनात. बाबा आला, बाबा जेवला, बाबा ऐकत नाही. शाळेत कुणी विचारलं तर "माझा बाबा पाट्या रंगवतो," की पुढचा विषय. जवळच्या माणसाला अरे-तुरेच बरं, हे खरंच होतं. पण मुख्याध्यापिकाबाईंसमोर त्यांच्या ड्रायव्हरलाही ती 'आले' म्हणायची. चाळीस वर्षांत बापाच्या वाट्याला एकदाही ते आलं नव्हतं. आणि शेवटचं काय दिलं, तर 'चूक ती चूक'. त्याला ते लागलं होतं का, हे आता विचारायचं कुणाला?

दोन आठवड्यांनी ती दुकान आवरायला गेली. ब्रश दगडासारखे झाले होते. पहिला डबा उचलते तोच डॉक्टर दारात उभे. पाटी छातीशी धरलेली, दात दुखत असल्यासारखा चेहरा. जरा संकोचाने त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. दवाखान्यावर इज लागल्यापासून लोक विचारत होते, डॉक्टर, पेंटरशी काही बिनसलं होतं का? घड्याळजींनी तर कवळीचं माप द्यायलाच नकार दिला. पेंटर उगीच कुणाला खाली उतरवणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

"ते बरोबर आहे, डॉक्टर. इज हेच बरोबर आहे," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे हो," डॉक्टर म्हणाले. "इतकं इंग्रजी मलाही येतं. पहिल्या दिवशीच मी पेंटरना म्हणालो होतो, इज करा. ते म्हणाले, डॉक्टर, तुम्ही आत असताना लोक तुम्हाला काय म्हणतात ते सोडा, तुमच्या पाठीमागे काय म्हणतात ते मी लिहिलंय. मग मी कशाला बदलतोय?"

तिने त्यांच्या हातातली पाटी घेतली. त्यातल्या त्यात मऊ ब्रश शोधला, काळा रंग ढवळला आणि बाबाच्या स्टुलावर बसली. डावं मनगट उजव्याखाली. आय आणि एस खरवडताना हात एकदा थांबला, कारण ते त्याने काढलेले शेवटचे दोन होते. मग तिने ए काढला, आर काढला, ई काढला. ए जरा प्यायल्यासारखा झाला, आणि आरचा पाय तर सुटलाच नाही, अवघडून बसला. डॉक्टरांनी मान वाकडी करून पाहिलं आणि छान म्हणाले. दातांच्या डॉक्टरांना खोटं बोलायची सवय असते, दुखणार नाही म्हणायची.

ही बातमी लाँड्रीपर्यंत पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. लाँड्रीवाला आला तो हातात घडी केलेला शर्ट घेऊन. भाजलेल्या शर्टाच्या बदल्यात नवा घेतला होता, पेंटरना द्यायचा राहून गेला, म्हणाला. आता त्याचीही पाटी मागणार हे ओळखून तिने ब्रश पुन्हा बुडवला.

"नको," तो म्हणाला. "माझं आहे तेच राहू दे. दोन का असेनात, त्यांच्या हातची आहेत." आणि जाता जाता मागे वळून, "पण खरं सांगा, रंग संपला नव्हता ना?"

"नव्हता," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिला हसू आलं.

तो गेल्यावर तिने शर्ट स्टुलावर ठेवला आणि डबे एकात एक घालायला घेतले. तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. दुसऱ्या भागातला असावा, तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने लटकत्या पाटीकडे पाहिलं. ती उलटवायचं त्या संध्याकाळी बाबाकडून राहिलं होतं, आणि या दोन आठवड्यांत कुणाला सुचलंच नव्हतं. पेंटर इज इन.

"पेंटर आहे का?" त्याने विचारलं.

"'आहे का' नाही," ती म्हणाली. आवाज वर्गातला लागला होता, पण शेवटाकडे जरा घसरला. "आहेत का, असं विचारायचं."

माणूस गोंधळला. शिकवणीला आल्यासारखा सरळ उभा राहिला.

"बरं. पेंटर आहेत का?"

"नाहीत," ती म्हणाली. "माझे बाबा होते ते. फार चांगले होते."