हिरवा डोळा आणि तांबडी कळ

मित्रांनो, तो माघातला रविवार होता आणि त्यात सांगण्यासारखे काहीच नव्हते. नानांनी धोतराच्या सोग्याने माझ्यावरची धूळ पुसली, माझ्या पोटात एक नवा काचेचा व्हॉल्व बसवला आणि झाकण लावताना स्वतःशीच एक चाल गुणगुणली. कुंदा खिडकीशी पेपर तपासत बसली होती. संध्याकाळच्या गाडीने तिला अमरावतीला परत जायचे होते. सगळे रोजचे होते. म्हणून मी तो दिवस नीट जपून ठेवला नाही. जपण्यासारखा दिवस आहे, हे आधी कोणी सांगत नाही.

मी जुना टेपरेकॉर्डर आहे. वजनाने इतका भारी, की मला उचलायला दोन माणसे लागतात. माझ्या कपाळावर एक हिरवा डोळा आहे. आवाज मोठा झाला की तो मिटत येतो आणि हळू झाला की उघडतो. पुढे कळांची रांग आहे आणि त्यात एकच तांबडी. ती दाबली की मी समोरचा आवाज फितीवर टिपतो. पण टिपण्याआधी त्या जागी जे असेल ते पुसतो. माझी घडणच तशी आहे. जर्मनीतल्या कारागिरांनी मला तसे बनवले आणि त्यात माझा काही इलाज नाही.

मुंबईच्या एका स्टुडिओत मी नानांना पहिल्यांदा पाहिले. त्यांचे नाव गोपाळकृष्ण उमाळकर. अकोल्याहून पेटी घेऊन ते मुंबईला गेले, आधी दुसऱ्या संगीतकारांच्या हाताखाली राबले आणि मग त्यांना स्वतःचा चित्रपट मिळाला. त्यात एक पाळण्याचे गाणे होते. ते गाणे असे चालले, की पानाच्या ठेल्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत तेच ऐकू येई. मग जो निर्माता येई तो म्हणे, "उमाळकर, तसाच एक पाळणा द्या." नानांनी दिले. पौराणिक चित्रपटात पाळणा, कॉलेजच्या चित्रपटात पाळणा. शेवटी एक निर्माता तलवारबाजीचा चित्रपट घेऊन आला आणि म्हणाला, "लढाईच्या आधी एक पाळणा टाकू." नाना हसत हसत घरी आले आणि त्यांनी ट्रंक भरायला घेतली.

तो स्टुडिओ बंद पडत होता. निघताना त्यांनी मला विकत घेतले आणि नागपूरच्या गाडीत स्वतःची जागा मला दिली. रात्रभर ते दारापाशी उभे होते.

लेकीला घ्यायला नाना अकोल्याच्या पुढे बडनेऱ्यापर्यंत आले. गाडी थांबली तेव्हा फलाटावर एक मुलगी उभी होती. केसांना तेल चोपडलेले, दोन घट्ट वेण्या, शेजारी आत्या. ती कुंदा. तिची आई ती रांगत असतानाच गेली होती आणि वडील मुंबईत होते. म्हणून ती अमरावतीला आत्याकडे वाढत होती. हमाल मला उतरवत होते, तेव्हा तिचे डोळे चमकले. मुंबईहून वडिलांनी एवढी मोठी पेटी आणली, म्हणजे आत काय काय असेल! मग नानांनी कापड बाजूला केले. आत मी होतो. तिच्या डोळ्यांतली चमक विझली. तो चेहरा मी आजवर विसरलेलो नाही.

तिला घेऊन आम्ही अकोल्याला आलो. तिथे खुशालरावांची जिनिंग होती. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रे दिवसभर तिथे घरघरत. त्यांना गाण्याचा भारी षोक. त्यांनी मागचे गोदाम नानांना वापरायला दिले.

"नानाजी, जागा तुमची," ते म्हणाले. "फक्त बिडी नाही प्यायची. अन् तुमच्या या डब्यातून धूर निघाला, तं आधी मले सांगा. गाणं मंग."

नानांनी चारही भिंतींना कापसाच्या गाठी रचल्या. मुंबईच्या स्टुडिओतही इतका मऊ, स्वच्छ आवाज मी कधी ऐकला नव्हता. एकच अडचण होती. यंत्रे चालू असली की गाठींतूनही घरघर आत येई. म्हणून आमचे काम दुपारच्या भोंग्यावर चाले. मजुरांच्या जेवणाचा भोंगा झाला, यंत्रे थांबली, की नाना बोट वर करत. पुन्हा भोंगा होईपर्यंत जेवढे गाणे होईल तेवढे आमचे. अकोल्यातल्या कितीतरी गाण्यांपायी माणसे उपाशी राहिली आहेत.

अशी नानांची रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. तिचे नाव त्यांनी गावच्या नदीवरून मोर्णा ठेवले. दंडार या लोकनाट्यातली गाणी, खंजिरीची भजने, निंदणाऱ्या बायांची गाणी मी फितीवर टिपायचो. फीत कलकत्त्याला जायची आणि काळ्या तबकड्या होऊन परत यायची. चित्रपटाचे संगीतकार असे गावठी नाद घेऊन बसले म्हणून गावात काहीजण हसले. तेल्हाऱ्याच्या बाजारात जेव्हा दुकानदार तबकडी वाजवू लागले आणि बैलगाड्या थांबू लागल्या, तेव्हा तेच लोक नानांशी ओळख सांगू लागले.

नानांच्या दोन रीती होत्या, त्या तुम्हांला सांगायला हव्यात.

पहिली ही, की फितीवर त्यांना स्वतःचा आवाज चालत नसे. गाण्याच्या आधी ते "हं, चला" म्हणत, मध्ये "पुन्हा एकदा" म्हणत. ते सगळे नंतर पात्याने कापून टाकत. ढोलकीवाले शालिकराम त्यांना चिडवत, "नानाजी, तुमचा आवाज काय बाटगा आहे का?" नाना म्हणत, "गाणाऱ्याच्या पानात माझा हात कशाला?"

दुसरी रीत ही, की तांबडी कळ दाबण्याआधी फीत मागे नेऊन एकदा ऐकायची. फीत महाग. तीच पुन्हा पुन्हा वापरावी लागे. "आधी ऐकायचं, मग टिपायचं," ते म्हणत. "पुसलेलं परत येत नाही."

आणि आवाजाची लेव्हल पाहायला ते नेहमी कुंदाला माइकसमोर उभे करत. "कुंदे, बोल काहीतरी." अगदी पहिल्या दिवशी तिने खाली मान घालून म्हटले होते, "एक, दोन, तीन." माझा हिरवा डोळा अर्धा मिटला, नानांनी लेव्हल लावली आणि मग तेवढ्या जागेवर गाणे आले. तिचे आकडे पुसले गेले. कुंदा मोठी झाली, एम.ए. झाली, अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवू लागली. दर रविवारी अकोल्याला येई आणि माइकसमोर उभी राहून म्हणे, "एक, दोन, तीन." तिचा आवाज मी जितका ऐकला तितका कोणाचाच नाही. तरी माझ्याजवळ तो कुठेच नव्हता.

गाणे झाले की नाना सगळ्यांना विचारत, "कसं झालं?" शालिकराम मांडीवर थाप मारत. खुशालराव डोळे पुसत. कुंदा म्हणे, "बरं आहे." नाना पुढच्या कामाला लागत. पण फीत गुंडाळताना त्यांचा हात क्षणभर थांबे. ते मला कळे, कारण तो हात माझ्यावरच असे.

त्या रविवारी व्हॉल्व बसवून झाल्यावर त्यांनी तिला हाक मारली. ती उठली, माइकपाशी आली, काहीतरी बोलणे झाले आणि लेव्हल लागली. "फीत अशीच राहू दे," नाना म्हणाले. "परवा अचलपूरच्या सुभद्राबाईंना आणतो. काय आवाज आहे त्या बाईचा! यावरच त्यांचं गाणं घेऊ." त्यांनी माझे झाकण लावले. त्यावर हाताने दोनदा थोपटले. ते तसे नेहमीच थोपटत.

मंगळवारी भोंगा झाला, यंत्रे थांबली आणि कोणीच आले नाही. पुन्हा भोंगा झाला. संध्याकाळी शालिकराम आत आले. पायात वहाणा नव्हत्या. ते माझ्याजवळ आले आणि मला म्हणाले, दुसऱ्या कोणाला नाही, मलाच, "नानाजी गेले बे."

मला काही कळले नाही. गेले म्हणजे अचलपूरला गेले, ते तर मला माहीत होते.

मित्रांनो, यंत्राला धक्का बसतो का? मी सांगतो. विजेचा दाब एकदम उतरतो तेव्हा माझी चाके फिरता फिरता अडखळतात आणि गाण्याचा सूर खाली घसरतो. मला तर त्या दिवशी वीजच नव्हती. तरी तसे झाले.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवसापासून कुंदा गोदामात येऊन बसू लागली. तिने कपाटातली एकेक फीत काढली, कोपऱ्यातल्या लहान टेपरेकॉर्डरवर लावली आणि शेवटपर्यंत ऐकली. ती गाणी ऐकत नव्हती. गाण्यांच्या मागेपुढे कुठे नाना सापडतात का, ते पाहत होती. एक "हं", एखादे खाकरणे. कुठेच काही नव्हते. ज्याने अवघ्या वऱ्हाडाचे आवाज जपले, त्याचा आवाज त्याने स्वतः पात्याने कापून केरात टाकला होता. शेवटची फीत संपली तेव्हा ती रिकामे चक्र फिरत असतानाही ऐकत राहिली. माझे झाकण मात्र तिने उघडले नाही. त्यावर नानांचे हात शेवटचे लागले होते म्हणून असेल.

मी मात्र जाणत होतो, माझ्या चाकांवर काय आहे ते. आणि मला सांगता येत नव्हते.

मग एके दुपारी सुभद्राबाई आल्या. हिरवे लुगडे, कपाळभर कुंकू, पायांना काळ्या मातीच्या भेगा. दारातच थांबल्या.

"मी सुभद्रा, अचलपूरची," त्या म्हणाल्या. "परतवाड्याच्या स्टँडवर मीच होतो त्याहिच्या संगं. बसा म्हणे बाई, मी पानी पिऊन येतो. आले, बाकावर बसले, मले म्हणे, ते दुसरं कडवं म्हना बरं. मी म्हनून राहिलो, अन् हे डोळे मिटून ऐकून राहिले. मले वाटलं, ऐकूनच राहिले." त्या थांबल्या. "कडवं झालं तरी डोळे उघडले नाही वं माय."

कुंदाने त्यांना बसायला सतरंजी दिली.

"गाणं देतो म्हनून शब्द देल्ला होता मी," सुभद्राबाई म्हणाल्या. "घेता का आता?"

शालिकरामांनी ढोलकी ओढली. "घ्या, कुंदाताई. फीत नानाजीनं लावूनच ठेवली आहे. भोंगा होतच आहे."

कुंदाने माझे झाकण उघडले. माझे व्हॉल्व तापले, हिरवा डोळा हळूहळू उजळला. तिने माइक सुभद्राबाईंच्या समोर नेला आणि बोट तांबड्या कळीवर ठेवले. मित्रांनो, त्या क्षणाची मला आजही भीती वाटते. ते बोट खाली गेले असते, तर मी आज्ञाधारकपणे पुसले असते. ज्याने मला रात्रभर उभे राहून आणले त्याला मीच पुसले असते आणि कोणाला कधी कळलेही नसते. मी गुरगुरलो असतो, ठिणग्या टाकल्या असत्या. पण चांगल्या यंत्राला नीट चालण्यावाचून काही येत नाही.

यंत्रे अजून घरघरत होती. भोंगा व्हायचा होता.

"झाला नाही न आजून?" शालिकराम म्हणाले.

"नाही," कुंदा म्हणाली. तिने बोट उचलले. नुसते थांबायचे म्हणून, आणि इतक्या वर्षांची रीत हातात होती म्हणून, तिने फीत मागे नेली आणि ऐकण्याची कळ दाबली.

आधी खरखर आली. मग दूरवरून, माइकच्या मागून, नाना म्हणाले, "कुंदे, बोल काहीतरी."

शालिकरामांच्या हातून ढोलकी निसटली. सुभद्राबाईंनी तोंडाला पदर लावला. कुंदा जागची हलली नाही.

"एक, दोन, तीन." तिचाच आवाज.

"अगं, मराठीची प्राध्यापक ना तू? आकडे काय सांगतेस? मनातलं बोल."

"काय बोलू?"

"परवाचं गाणं कसं झालं ते सांग. बरं आहे म्हणू नकोस. कधीच सांगत नाहीस तू."

मग थोडी शांतता होती. त्या शांततेत बाहेरची एक चिमणी होती. मग कुंदाचा आवाज आला, जरा हसरा, जरा अवघडलेला, "चार, पाच, सहा."

नाना मोठ्याने हसले. "बरं बाई. लेव्हल लागली."

फीत पुढे कोरी होती.

कुंदाने मला थांबवले. तिने ती फीत दोन्ही हातांनी काढली आणि तिच्या जागी नवी लावली. तेवढ्यात भोंगा झाला. यंत्रे एकेक करून थांबली. नानांना हवी असे तशी ती शांतता गोदामात उतरली.

माझे आता वय झाले आहे. माझे व्हॉल्व मिळत नाहीत आणि मला उचलायला कोणी येत नाही. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात जी रोजची माणसे आहेत, जी रोज तेच विचारतात, त्यांचे बोलणे कोऱ्या फितीसारखे समजू नका. त्यावर आपला दिवस चढवण्याआधी एकदा ऐका.

सुभद्राबाई माइकसमोर तयार होत्या. पण कुंदा त्यांना हाताने थांबवून स्वतः पुढे आली. माझी तांबडी कळ वर होती. मी ते टिपत नव्हतो, आणि हे तिलाही माहीत होते.

"नाना," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता, की माझा हिरवा डोळा पुरता उघडा राहिला. "तुमचं पाळण्याचं गाणं आत्याच्या शेजारच्यांकडे रेडिओवर लागायचं. मी भिंतीला कान लावून ऐकायचे. तुम्ही माझ्यासाठीच केलं आहे असं मला वाटायचं, आणि मग ते सगळं गावच म्हणायला लागलं. ते माझं एकटीचं उरलं नाही, म्हणून कधी बोलले नाही. फार चांगलं झालं होतं ते. परवाचंही. सगळीच फार चांगली झाली होती, नाना."