वाढीचं बोट

अर्थसंकल्पाचं भाषण संपायच्या आतच बूट बनवणाऱ्या घरातल्या सुनेनं दुकानदाराला फोन लावला होता. मांडीवर लेक, कानाला फोन, आणि जीव भांड्यात पडलेला. बुटांवरचा कर वाढला होता, पण सोळा सेंटिमीटरपर्यंतच्या लहान मुलांच्या बुटांना सूट होती. "आमचा आठ नंबर सोळाचाच," ती म्हणाली. "दोनशे जोड जुन्याच भावात देते, लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नियमांचा कागद वाचला. शिकलेली असल्यानं बारीक अक्षरं ती कधी सोडत नसे. फक्त या वेळी आधी बोलली आणि मग वाचलं. कागदात लिहिलं होतं, बुटावर नंबर कोणताही असो, माप धरायचं तळाचं, तेही बाहेरून. तिनं फळीवरचा आठ नंबर काढून पट्टीला लावला. सतरा, आणि वर दोन रेघा. दुसरा घेतला. तोही तेवढाच.

तिचे सासरे तीस वर्षं प्रत्येक बुटात पुढे बोटभर जागा जास्त ठेवत आले होते. घरात तिला वाढीचं बोट म्हणत. ते सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की मापात तेही धरायचं असतं हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

आता कर भरून जुन्या भावात माल द्यायचा तर कारखान्यात तीन माणसं परवडणार नव्हती. आणि तिसरं माणूस म्हणजे मशीनवर कामाला असलेल्या काकू. बावीस वर्षं बुटांचा वरचा भाग त्याच शिवत होत्या. पाळण्यातली लेक त्यांच्या मशीनच्या आवाजावरच झोपायची.

"बाबा," ती सासऱ्यांजवळ जाऊन बसली. "या खेपेला बोट काढलं तर?"

सासऱ्यांनी चामडं टोचायची आरी खाली ठेवली. "सहा महिन्यांनी पोराचा अंगठा टोचायला लागला की त्याची आई शिव्या कुणाला घालणार? मंत्र्याला?"

"मंत्र्यांना काय त्याचं," काकू मशीन न थांबवता म्हणाल्या. "त्यांचे पाय वाढायचे थांबलेत."

"एकदाच, बाबा. शब्द देऊन बसले मी."

त्यांनी विचारलं, "नवऱ्याच्या पायाची करंगळी बघितलीस कधी?"

बघितली होती. शेजारच्या बोटावर चढून बसलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती त्यावरून हसली होती, आणि त्यानं नुसता पाय ओढून घेतला होता.

"त्याचे पहिले बूट मीच केले. अगदी नेमके. लोक बघायला यायचे, इतके बेतशीर बसले होते. मग दुसरे करायला चामडं आणायची ऐपत नव्हती, आणि पोर काही बोललं नाही." त्यांनी आरी पुन्हा उचलली. "बोट राहू दे, पोरी. दुसरं काय ते सांग."

ती उठली नाही. हातातला बूट उलटसुलट करत राहिली. लेक आजारी पडली की तिला अशीच नखापासून केसापर्यंत न्याहाळायची तिची सवय होती. तळाच्या कडेला चौफेर एक काठ होता, वरचं चामडं त्यावरच टाचलेलं. तिनं पट्टी लावली. पुढे सहा रेघा, मागे सहा. जेवढं जास्त भरलं होतं, तेवढंच.

"बाबा, हा काठ कशाला असतो?"

"टाके बसायला."

"आणि काठ नसला तर?"

काकूंचं मशीन थांबलं. "तान्ह्या बाळांचे करायचात ना तुम्ही, उलटे शिवून मग मोज्यासारखे सुलटे करायचे?"

"ते मऊ चामड्याचे. एवढ्या मोठ्यांचे करायचे म्हणजे माझ्या बोटांची सालटी निघतील," सासरे म्हणाले. पण हात मऊ चामड्याच्या गुंडाळीकडे गेलाच होता.

दोन दिवसांत पहिला जोड झाला. सुलटा करताना सासऱ्यांचा चेहरा लाल झाला, आणि काकूंनी तोंड फिरवून हसून घेतलं. पट्टी लावली. सोळा. सुनेनं तीनदा मोजलं. मग तिनं शेजारणीच्या अडीच वर्षांच्या पोरीला बोलावून तो घातला आणि पुढे अंगठ्यानं दाबून बघितलं. वाढीचं बोट जागच्या जागी होतं.

दिवसाला सात जोड व्हायचे, ते आता जेमतेम चार होणार होते. नफाही घटणार होता. पण मशीनपुढची खुर्ची राहणार होती. तिनं दुकानदाराला फोन लावला, आणि या वेळी आधी पाटीवर लिहून घेतलं होतं. "भाव तोच. शंभर जोड ठरल्या दिवशी देते, उरलेले महिन्याभरानं."

"अहो ताई, पोरांचे पाय महिनाभर थांबतात का?"

"आधीचे बूट आमचे असले तर थांबतील," ती म्हणाली. "त्यात जागा असते."

तो हसला. "माझ्या धाकटीचे तुमचेच आहेत. बरं, महिन्याभरानं द्या."

फोन ठेवून ती सासऱ्यांच्या समोर बसली आणि जोड सुलटे करायला आपलाही हात पुढे केला. त्यांनी तिच्या नाजूक बोटांकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याचं चामडी टोपण काढलं आणि तिच्या अंगठ्यात घातलं. ते तिला बोटभर मोठं होत होतं.