रेवडीचा पळता रोग

रेवडीला रविवारच्या बाजारात न्यायचं की गोठ्यात ठेवायचं, हे सायलीच्या हातातल्या मुठीच्या, चार कप्प्यांच्या थाळीवर ठरणार होतं. सोमनाथकाकांनी सांगून टाकलं होतं, एकाच सडाला दगडी, म्हणजे कासेचा दाह, असेल तर औषध करू. दोन निघाले तर गाय विकू. आणि रेवडी तर सायलीनं बाटलीनं पाजून वाढवलेली.

संध्याकाळी तिनं चारी सडांच्या धारा ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या कप्प्यात घेतल्या, तेवढंच तपासणीचं जांभळं द्रावण ओतलं आणि थाळी गोल फिरवली. तीन कप्प्यांत दूध पाण्यासारखं खेळलं. चौथ्यातलं, मागच्या उजव्या सडाचं, शेंबडासारखं घट्ट झालं, म्हणजे रोग तिथंच. एकच सड. तरी खात्रीसाठी तिनं सकाळी पुन्हा तपासलं. मागच्या उजव्याचं पातळ आणि पुढच्या डाव्याचं घट्ट.

"कालचं एक अन् आजचं एक," काका म्हणाले. "झाले की दोन." आणि टेम्पोवाल्या कडुबाला फोन लावायला अंगणात गेले.

सायली थाळीकडं बघत राहिली. एका रात्रीत एक सड ठणठणीत आणि नेमका त्याच्या तिरक्या कोपऱ्यातला आजारी? जंतू काय बुद्धिबळातला उंट आहे? मग काल आणि आजमध्ये बदललं काय?

काल ती दुग्धव्यवसायाच्या प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणं गाईच्या उजवीकडं बसली होती आणि रेवडीनं दोनदा लाथ झाडली होती. म्हणून आज मनकर्णाआजीनं तिला डावीकडं बसवलं. या घरात गाय डाव्या अंगानंच पिळतात. थाळीची मूठ मात्र दोन्ही वेळा उजव्या हातात. काल मूठ गाईच्या तोंडाकडं होती, आज शेपटीकडं. थाळी अख्खी फिरली होती आणि कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या कालच्याच होत्या.

सायली अशी हसत सुटली की रेवडीनं वैरण सोडून मान वळवली.

"आजी, रोग नाय हलला. मीच इकडून तिकडं गेले."

तिनं काकांना बोलावलं, मागच्या उजव्या सडाला हळदीचं बोट लावलं आणि मूठ एकदा तोंडाकडं, एकदा शेपटीकडं धरून तपासणी केली. घट्ट कप्पा दोन्ही वेळा वेगळा निघाला. दूध मात्र हळदीच्याच सडाचं.

"म्हणजे एकच?" काकांनी विचारलं.

"एकच."

आजी म्हणाली, शिक्षण लई झालं, पण कुठं बसायचं ते आधी गाईला इचारावं.

काकांनी पुन्हा फोन लावला. "कडुबा, येऊ नको. नाय, गाय बरी होईल. आवाज? पोरगी नाचायलीय गोठ्यात."