हिराबाईची साक्ष

मला राग लवकर येतो, हे अख्ख्या जव्हारला ठाऊक आहे. पण त्या दिवशीसारखा आयुष्यात कधी आला नव्हता.

जर्मनची लढाई सुरू झाली ते साल. नवा अंमलदार आला आणि त्यानं दवंडी पिटवली, धंदा करणाऱ्या बायकांनी आठ दिवसांत गाव सोडायचं. यादी झाली. मी नायकीण, माझी आईही नायकीण, पण यादीत माझं नाव नव्हतं. आई दसऱ्याला दरबारात मानानं गायची, म्हणून मला 'गायिका' लिहून सोडलं. आणि धरलं कुणाला? माझ्याकडे पाणी भरणाऱ्या तानीला! वर तिच्या नावाखाली तिच्या दोन लेकी, माघी आणि धाकली. धाकली अजून अंगावर पीत होती हो! एकदा कागदावर चढलं की त्या पोरींच्या कपाळाचं ते पुसणार कोण?

तानी वांगणीची, डोंगरातल्या पाड्यावरची. माझ्या परसातल्या खोपटात तिच्या माणसाबरोबर, नवसूबरोबर, सात वर्षं राहत होती, लग्न न लावता. डोंगरात तसंच चालतं. आधी संसार मांडायचा, मग भात चांगलं पिकेल त्या साली लग्न, पोरांच्या देखत. भटजी नाही, धवलेरी बाई येते, गाणी म्हणून लग्न लावते. त्यात कुणाला कसली लाज नाही.

मी तानीला घेऊन तडक कचेरीत गेले. कारकून इथलाच, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला. त्यानं वर न बघता तानीला विचारलं, "लग्न झालंय?"

"नाय."

"मग कुणाजवळ राहतेस?"

"नवऱ्याजवळ."

"लग्नाशिवाय नवरा? वा गं वा! आज लग्न लाव, उद्या नाव काढतो."

तानीनं पदर खोचला. "भात झाला का लावू. तुमच्या भ्यानं आज नाय लावणार. मी काय चोरी केली?"

मी मनात म्हटलं, शाब्बास पोरी.

"भाऊसाहेब," मी पुढे झाले, "तुमच्या आईच्या मंगळसूत्राचे मणी कुणी ओवले, विचारा घरी. माझ्या आईनं! नायकिणीला वैधव्य नाही, म्हणून तुमच्या आजोबांनी मानानं बोलावून नेलं होतं. तेव्हा आमचा हात शुभ होता. आता तुमच्या घरच्या कार्याला मी समोरून गेले तरी तोंडं फिरवता. आम्ही होतो तशाच आहोत, फिरलात तुम्ही. ते राहू द्या, आमचं आम्ही बघू. पण जिथं हा धंदाच कुणाला ठाऊक नाही, तिथल्या बाईला त्यात कशाला ओढता?"

"जुन्या गोष्टी झाल्या त्या, हिराबाई. ही धंद्यातली नाही असं सांगणारा साक्षीदार आणा. पक्की माहिती असलेला."

"मी सांगतेय ना!"

"तुम्ही?" तो मिशीत हसला. "तुम्ही गायिका. गायिकेला या धंद्यातलं काय कळणार?"

मेल्यानं बरोबर वर्मावर बोट ठेवलं. त्या एका शब्दासाठी मी चाळीस वर्षं भांडले होते. कुणी दुसरं काही म्हटलं तर त्याच्या दारात जाऊन चार शिव्या घातल्या होत्या. त्या शब्दावर माझं घर उभं होतं. तो सोडला तर त्या यादीत माझंच नाव चढणार. आता या वयात जायचं कुठं?

तानी माझ्याकडे बघत नव्हती. ती यादीकडे बघत होती. वाचता येत नव्हतं तिला, पण लेकींची नावं कुठं असतील ते शोधत होती.

"लिहा," मी म्हटलं. "हिराबाई, वय पंचावन्न, राहणार जव्हार. धंदा तोच, वयाच्या पंधराव्या वर्षापासून."

कारकुनाचा टाक थांबला. "हिराबाई, अहो, आठ दिवसांत गाव सोडावं लागेल तुम्हाला. मी गायिकाच राहू देतो की."

"आणि साक्ष?"

तो टाकाचं टोक पुसत बसला.

"मग लिहा म्हणते ना! या धंद्यातली जाणती बाई साक्ष देते, तानी त्यातली नाही. तिच्या लेकीही नाहीत."

त्यानं तीन नावांवर रेघ मारली आणि खाली माझं नाव लिहिलं. सही मी स्वतः केली, ठळक, कुणालाही वाचता येईल अशी.