सागवानी वस्ती

मित्रांनो, मी एक जुनी वस्ती आहे. माझ्यात एकशे वीस घरे, एक शाळा आणि दोन विहिरी आहेत. तरी मला दोघे जण सहज उचलतात, कारण मी सागवानाची आहे. १९६७ साली वास्तुरचनाकार वामनराव देशकरांनी नागपूरच्या विणकरांसाठी नवी वस्ती आखली, आणि तिचा नमुना म्हणून ताराचंद मिस्त्रींनी मला घडवले. आगपेटीहून लहान एकेक घर त्यांनी घासून गुळगुळीत केले आणि सरसाने चिकटवले.

वामनरावांचे तेव्हा मोठे नाव होते. शहरातले कितीतरी बाजार आणि बागा त्यांच्याच हातच्या. सरळ रस्त्यांचा त्यांना भारी कंटाळा, म्हणून माझ्या गल्ल्या त्यांनी नदीसारख्या वळवल्या. शहराच्या गृहनिर्माण समितीने मला मंजूर केले, वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले. मी फुगले, खोटे कशाला सांगू?

पायाभरणीला पंधरा दिवस उरले असताना वामनरावांना वाटले, राहायला येणाऱ्यांनाही ही दाखवावी. मला सायकलरिक्षात घालून त्यांनी विणकरांच्या मोहल्ल्यात नेले आणि एका खाटेवर ठेवले. माणसे वाकून वाकून आपले घर शोधू लागली. गोपिकाबाई नावाची एक विणकरीण मात्र माझ्या गल्लीवरून बोट फिरवत उभी होती.

"काय झालं, बाई?" वामनरावांनी विचारले.

"गल्ली लय सुंदर हाये जी. पण मी ताणा कुठं लावू?"

ताणा म्हणजे मागावर चढवण्याआधी लांबच लांब ताणलेले उभे धागे. त्याला सरळ गल्ली लागते.

"सूत काही वळण घेत नाही, साहेब," ती म्हणाली. "मंग तिथं राहून आम्ही खावं काय?"

वामनरावांचा चेहरा उतरला. वीस वर्षे ते नकाशे काढत होते, पण हे कुणाला विचारावे असे त्यांना कधी सुचलेच नव्हते.

दुसऱ्याच दिवशी ते मला आणि गोपिकाबाईंना घेऊन समितीपुढे गेले. अध्यक्ष भैय्याजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मंजूर नकाशा बदलायचा? लोक हसतील तुम्हाला, वामनराव."

"हसू द्या. चूक माझी आहे. बाई, दाखवा यांना."

गोपिकाबाईंनी ओच्यातून सुताची गुंडी काढली. एक टोक भैय्याजींच्या हाती देऊन दुसरे त्या माझ्या गल्लीच्या पार शेवटाला घेऊन गेल्या. "घट्ट धरा जी. मी ओढून राहिली, सोडू नका."

धागा ताणला गेला, वळणावरच्या घरांना अडला, आणि टक टक करत माझी तीन घरे टेबलावर आडवी झाली. मला दुखले. पण भैय्याजी हातातला धागा बघून पोट धरून हसले.

"हे तं पायाभरणीच्या आधीच पडले. करा गा, वामनराव, गल्ली सरळ करा."

ताराचंद मिस्त्रींनी माझी सगळी घरे उपटून पुन्हा बसवली. जुन्या सरसाचे डाग अजून माझ्या अंगावर आहेत. पायाभरणी दोन महिने लांबली, पण वस्ती उभी राहिली, आणि तिच्या गल्ल्यांतून या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीत ताणे लागले.

त्यानंतर वामनरावांनी कुठलाही नमुना लोकांपुढे ठेवल्याशिवाय समितीकडे नेला नाही. वास्तुरचनेच्या महाविद्यालयात शिकवताना ते मला पुढे करत आणि म्हणत, "ही माझी चूक. हात लावून बघा." त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही रीत दूरदूरच्या शहरांत नेली. इतके हात लागले, की माझी छपरे गोल झाली.

पुढे वामनराव निवृत्त झाले आणि मी महाविद्यालयाच्या कोठीत मोडक्या खुर्च्यांखाली गेले. कोळ्यांनी माझ्या शाळेत जाळी विणली. १९८३ साली मला भंगारात काढत असताना वामनरावांची विद्यार्थिनी उत्तरा, जी आता तिथेच शिकवत होती, धावत आली. तिने पदराने मला पुसले, उलटे केले आणि खाली वामनरावांच्या हाताने लिहिलेली ओळ मोठ्याने वाचली : 'गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून दुरुस्त.'

आता मी तिच्या वर्गात मजेत आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जरूर सांभाळा, धूळ पुसा, वाळवीपासून जपा. पण मला काचेच्या पेटीत मात्र ठेवू नका. हातच लावता आला नाही, तर पुढची चूक सापडणार कशी?