गुळगुळीत उतार

अंबिकाने फळीखाली तिसरं पुस्तक सरकवलं आणि गाडी सोडली. लाल प्लास्टिकची बोटभर गाडी खडखडत खाली आली, फरशीवर सुसाट धावली आणि सोफ्याखाली दिसेनाशी झाली.

"फार होतंय," मंदार पोटावर आडवा होऊन गाडी बाहेर काढत म्हणाला. "दोनच पुस्तकं ठेव. चार वर्षांच्या पोरांना ती जाताना दिसली तरी पाहिजे."

तिने पुस्तक काढलं. या वेळी गाडी बेताने आली आणि बाल्कनीच्या दाराशी थांबली. अंबिकाने तिथे खडूने रेघ ओढली. दुसऱ्या फळीवर मंदारने गोणपाट ताणून ठोकलं होतं. त्यावरून गाडी अडखळत उतरली आणि खाली हातभर जाऊन थांबली. तिथेही रेघ आली. दोन रेघांमधलं अंतर अंबिका बराच वेळ बघत राहिली.

फळ्यांच्या कडा मंदारने दोनदा घासल्या होत्या. मुलांच्या हातात कुसळ जायला नको. वाळूजच्या त्याच्या कंपनीने एक शिफ्ट बंद केल्यापासून त्याला असल्या कामांना वेळच वेळ होता, आणि त्याबद्दल दोघंही बोलत नसत.

अंबिकाने चौदा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवलं होतं. दर जूनला नवा आदेश यायचा. गेल्या जूनला आला नाही. ऑगस्टपासून ती गारखेड्यातल्या एका शाळेत ज्युनियर केजीला होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. मुलाखतीत मुख्याध्यापिका सोनिया मॅडमनी तिची एमएस्सीची गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली होती.

"शिक्षण जरा जास्तच आहे," त्या म्हणाल्या होत्या. "पण चालेल. मुलांशी हसून बोलता आलं पाहिजे."

कॉलेजात तिने उताराचं प्रकरण चौदा वेळा शिकवलं होतं. फळ्यावर त्रिकोण, त्यावर ठोकळा, ठोकळ्यावर बाण. मागच्या बाकांवर मोबाइल. या चौदा वर्षांत तिने एकदाही खरोखरची एखादी वस्तू उतारावरून सोडली नव्हती, हे सोमवारी वर्गात फळ्या मांडताना तिच्या लक्षात आलं.

गाडी सोडण्याआधी ती विचारायची, "काय होईल?"

मुलं वाटेल ते सांगायची. उडेल. पडेल. घरी जाईल. ओवी नावाची एक मुलगी काहीच सांगत नसे. ती सरळ फरशीवर गाल टेकवून आडवी व्हायची आणि एक डोळा मिटून चाकांकडे बघायची. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, गालाची धूळ पुसली आणि म्हणाली,

"टीचर, गोणपाटावर ना, हिला पावलोपावली कुणीतरी धरतंय."

अंबिकाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी मंदारला वाचून दाखवलं. तो हसला.

"हसू नकोस. चूक काय आहे यात?" ती म्हणाली. "मी चौदा वर्षं हेच सांगत होते. इतकं सोपं करून नाही सांगता आलं मला."

त्या आठवड्यात सोनिया मॅडम दोनदा दारात उभ्या राहून गेल्या. शुक्रवारी त्यांनी अंबिकाला बोलावलं.

"पालकांच्या कार्यक्रमाला तुमचाच प्रयोग ठेवू या," त्या म्हणाल्या. "मला आवडला. फक्त ते 'काय होईल' काढून टाका."

"का मॅडम?"

"मुलं चुकीचं सांगतात. गाडी उडेल म्हणे. पालक व्हिडिओ काढतात, तो नातेवाइकांना जातो. त्यात पोरगं चुकीचं बोलताना दिसलं तर पुढच्या वर्षी ते दुसऱ्या शाळेत." त्यांचा आवाज चढला नव्हता. दोन खोल्यांत सुरू केलेली शाळा त्यांनी अकरा वर्षांत तीन मजल्यांवर नेली होती. "एकच छान वाक्य बसवा. इंग्लिशमध्ये. स्मूथ रॅम्प, फास्ट कार. रफ रॅम्प, स्लो कार. यमकही जुळतंय."

"आधी अंदाज बांधायचा आणि मग बघायचं, यातच तर सगळं..."

"अंबिका मॅडम, तुमचं कन्फर्मेशनही याच महिन्यात आहे ना?" सोनिया मॅडम हसल्या. "माझ्या लक्षात आहे."

त्या खरंच प्रेमाने बोलल्या होत्या. अंबिकाला तेच जास्त लागलं.

पुढचे आठ दिवस वर्गात ते वाक्य चाललं. चौथ्या दिवसापासून गाडी सुटायच्या आधीच मुलं ओरडू लागली. मग गाडी सोडायचीही गरज उरली नाही. ओवी सगळ्यांबरोबर ओठ हलवायची, पण नजर चाकांवरच.

कार्यक्रमाच्या शनिवारी अंबिका सातलाच शाळेत आली. जानेवारीचा गारठा होता. वर्गात रंगाचा वास भरला होता. तिची साधी फळी चकचकीत पिवळी झाली होती आणि शाळेतल्या मदतनीस चतुरामावशी तिच्या कडेला फुगे बांधत होत्या.

"हे कुणी केलं, मावशी?"

"सांडू पेंटर येऊन गेला काल दुपारून. मॅडम म्हन्ल्या, फळी लई उघडी दिसती." चतुरामावशींनी बोट दाखवलं. बोटाला पिवळं लागलं होतं. "वाळला नाय बघा अजून. थंडी हाय ना. लई जाड मारला त्यानं."

अंबिकाने गाडी सोडली. गाडी वीतभर गेली, चिकटली आणि तिरपी होऊन थांबली.

फळी उलटी करावी तर मागे मंदारने आधाराच्या पट्ट्या ठोकलेल्या. ती धावत ऑफिसात गेली. सोनिया मॅडम आरशात बघून साडीची पिन लावत होत्या.

"पावडर मारा वरून," त्या म्हणाल्या.

"पावडरने नाही जाणार. मॅडम, पाच मिनिटं द्या, पालकांना सांगते की रंग ओला आहे. मुलांनाच विचारू, का अडकली. उलट छान होईल."

"आमचा रंग ओला राहिला, हे माइकवर सांगायचं?" त्यांनी पिन लावली. "मुलं वाक्य म्हणतील ना? मग झालं. गाडीकडे कोण बघतंय?"

साडेनऊला वर्ग भरला. पालक भिंतीला टेकून उभे होते, बहुतेकांचे मोबाइल छातीशी धरलेले. ओवीची आई प्रेरणा पुढेच होती. सोनिया मॅडम सगळ्यात मागे.

अंबिकाने आधी गोणपाटावरून गाडी सोडली. ती अडखळत उतरली आणि फरशीवर हातभर गेली. "रफ रॅम्प, स्लो कार!" मुलं ओरडली. टाळ्या पडल्या.

मग तिने पिवळ्या फळीवरून सोडली. पावडरीवर गाडी थोडी घसरली, अर्ध्यात आली आणि थांबली.

"स्मूथ रॅम्प, फास्ट कार!" मुलं ओरडली. टाळ्या पुन्हा पडल्या. मोबाइल मुलांच्या तोंडांवर होते.

टाळ्या ओसरताना पुढच्या रांगेतून ओवी उठली. फळीजवळ जाऊन आडवी झाली, गाल फरशीला टेकवला आणि खालून वर बघत मोठ्याने म्हणाली,

"टीचर, ही नाही आली. ही अडकली."

कुणीतरी हसलं. प्रेरणा हळूच "ओवी!" म्हणाली. अंबिकाने तोंड उघडलं. एकच शब्द विचारायचा होता, 'का?' भिंतीजवळ सोनिया मॅडम हातांची घडी घालून तिच्याकडे बघत होत्या, शांतपणे.

"ओवी, ऊठ. जागेवर बस," अंबिका म्हणाली. "आपण काय शिकलो? स्मूथ रॅम्प..."

"फास्ट कार!" वर्ग गरजला.

ओवी उठली नाही. तिने गाडीकडे बोट केलं. "पण टीचर, बघा ना..."

अंबिकाने वाकून तिला दंडाला धरून उठवलं. पकड जरा घट्टच बसली असावी, कारण ओवीने चमकून दंडाकडे पाहिलं. मग जागेवर जाऊन बसली.

"बोल, ओवी. स्मूथ रॅम्प?"

सगळे वाट बघत होते. प्रेरणाने ओठांनी शब्द करून दाखवले.

"फास्ट कार," ओवी म्हणाली.

"शाब्बास!" अंबिका म्हणाली, आणि सगळ्यांत आधी तिनेच टाळ्या वाजवल्या.

निघताना प्रेरणा मुलीला पुढे ढकलत तिच्याजवळ आली.

"सॉरी हं मॅडम. घरी रोज पाठ करून घेत होतो. आजच काय झालं हिला. सगळ्यांसमोर असं बोलतात का गं? सॉरी म्हण टीचरला."

"राहू द्या," अंबिका म्हणाली. "लहान आहे."

"सॉरी टीचर," ओवी म्हणाली.

दुपारी सोनिया मॅडमनी कन्फर्मेशनचं पाकीट दिलं आणि अभिनंदन केलं. ती घरी आली तेव्हा मंदारने दार उघडलं. पाकीट बघून त्याचा चेहरा इतका सैल झाला की गेले कित्येक महिने तो किती आवळलेला होता, ते तिला तेव्हा कळलं.

"गाडी कशी गेली?" त्याने विचारलं.

"छान गेली," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला आत गेली. बराच वेळ नळ चालू राहिला.

सोमवारी मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. ओवी एकटीच डबा खात मागे रेंगाळली होती. अंबिकाने पिवळ्या फळीवर बोट फिरवून पाहिलं. रंग वाळला होता. तिने दारापर्यंत जाऊन बाहेर कुणी नाही ना, ते पाहिलं आणि फळी मांडली.

"ओवी, ये. आज आपण दोघीच. आज काही म्हणायचं नाही. नुसतं बघायचं."

ओवी आली. फळीपासून दोन पावलांवर उभी राहिली. अंबिका स्वतः गुडघ्यांवर बसली, वाकली, आणि गाडी वरच्या टोकाला धरली.

"सांग बरं, काय होईल?"

ओवी खाली वाकली नाही. तिने गाडीकडे पाहिलंच नाही. ती अंबिकाच्या चेहऱ्याकडे बघत होती, नीट, एक डोळा न मिटता.

"टीचर," तिने हळूच विचारलं, "काय म्हणू?"