धोतराची बाळुती

ज्वारीच्या पिठाची दोन किलोची पिशवी मांडीवर आडवी घेऊन सिदू तिला डायपर घालत होता.

पिशवीला पाय नव्हते, ही पहिली अडचण. पुढची बाजू कुठली न् मागची कुठली हे कळेना, ही दुसरी. चिकटपट्ट्या तेवढ्या हुशार. त्या पिशवी सोडून बाकी सगळीकडं चिकटत होत्या. बोटांना, बंडीला. एक तर मनगटावरच्या केसांवर बसली, ती ओढून काढताना त्याच्या तोंडातनं शिवी गेली.

दारात कुमार उभा होता. त्याचा पोरगा. आठवडी सुट्टी म्हणून घरी होता.

"आण्णा, पिशवीला कशाला घालताय?"

"मग कुणाला घालू, तुला?" सिदू म्हणाला. "पोरीला रडवत शिकण्यापरास हे बरं. पीठ बोंबलत न्हाय."

"उलटं धरलंय तुमी. चित्र पोटावर येतंय. हत्ती पुढं."

"हत्ती पुढं," सिदूनं पाठ केल्यासारखं म्हटलं. "आन् किती येळ ठेवायचं हे?"

कुमारनं पाकीट उलटंपालटं करून वाचलं. "बारा तास टिकतं म्हणून लिवलंय."

"बारा?" सिदूनं त्या कागदी लंगोटाकडं पहिल्यांदाच आदरानं बघितलं.

कुंभारीच्या घरकुल वसाहतीत दोन खोल्या. कुमार एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की त्याला हाक. त्याची बायको ऋतुजा एका खासगी दवाखान्यात नर्स. सिदू मंगळवेढ्याकडचा धनगर. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको बजाबाई गेली, त्यानं मेंढरं विकली न् पोराकडं आला. आल्यापासनं त्याला काय करावं तेच कळत नव्हतं. दिवसभर दारात बसायचं, रिक्षा मोजायच्या.

मग पाच महिन्यांपूर्वी रेवा झाली.

सिदूला स्वतःची चार पोरं. त्यातलं एकही त्यानं तान्हं असताना धरलेलं नव्हतं. बजाबाई बाळंतपणाला गावात राहायची न् हा मेंढरं घेऊन अकलूजच्या बाजूला, लोकांच्या रानात खतासाठी कळप बसवत. कुमार झाला तेव्हा तो सात महिन्यांनी परतला. पोरानं मिशावाला माणूस बघितला न् असं भोकाड पसरलं, की सिदूनं त्याला लगेच आईकडं देऊन टाकलं. ते दिलं ते दिलंच. पण ही रेवा त्याच्या मिशा धरायची. ओढायची. सिदू तिला आपल्या आईच्या नावानं चिमाबाई म्हणायचा. चिमाबाई हसली, चिमाबाई कुशीवर वळली, अशा बातम्या गल्लीत देत फिरायचा.

आता सोमवारी ऋतुजाची सुट्टी संपत होती. आठ ते चार ड्युटी. कुमारही दिवसभर कारखान्यात. म्हणजे दोनच रस्ते. एकतर पोरीला सिदूनं सांभाळायचं, नाहीतर ती करमाळ्याला ऋतुजाच्या आईकडं जाणार न् पंधरवड्यातनं एकदा घरी दिसणार. सिदूच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात ऐकू न यायला भिंती कुठं असतात?

"मामा, गुरुवारी मला दवाखान्यात मॅडमना भेटायला जायचंय," ऋतुजा म्हणाली होती. "पाचेक तास लागतील. रेवा राहील ना तुमच्याकडं? बघू या, जमतं का."

म्हणून ही पिशवी.

गुरुवारी हत्ती बरोबर पुढं आला. दूध काढून ठेवलं होतं, ते सिदूनं वाटी-चमच्यानं पाजलं. थोडं तिच्या गळ्यात गेलं, थोडं ह्याच्या बाहीत. मग तिला मांडीवर घेऊन बसला. थोड्या थोड्या वेळानं तो डायपरवरनं तळवा फिरवायचा, कोकराच्या पाठीवरनं फिरवावा तसा. कोरडं. परत फिरवायचा. कोरडं. वा रे वा, म्हणाला. बारा तास लिहिलंय ते काय उगाच लिहिलंय होय?

बारानंतर पोरगी रडायला लागली. त्यानं पाजून बघितलं. फिरवून बघितलं. मेंढरांना मारायची ती जिभेची टकटक करून बघितली. ती जास्तच रडली.

एक वाजता ऋतुजा आली. चप्पल काढायच्या आधीच दारात थबकली, नाकाला हात लावला. पोरीला घेतलं, डायपर उघडलं. भिजलेल्या उशीसारखं फुगलेलं. आत शी झालेली, वाळायला लागलेली. दोन्ही जांघा लालबुंद.

"मामा, किती वेळ झाला हिला?"

"कशाचा?"

"शी केलीय तिनं. वास नाही आला?"

सिदूनं खरं ते सांगितलं. "न्हाय."

आणि खरंच आला नव्हता. चाळीस वर्षं मेंढवाड्याच्या कडेला झोपलेलं नाक. लेंड्या, मूत, ओली लोकर. त्या नाकाला एवढ्याशा पोरीचा वास तो काय लागणार?

ऋतुजानं पोरीला कोमट पाण्यानं धुतलं, मलम लावलं. ओरडली असती तर सिदूला बरं वाटलं असतं. जरा वेळानं आतल्या खोलीतनं तिचा फोनवरचा आवाज आला. हळू होता, पण आला. "आई, रविवारी ये तू. घेऊन जा हिला."

सिदू उठला न् शेजारच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. तिथं सुंदरम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. पन्नाशीची, तेलुगू, पाच लेकरं वाढवलेली बाई. हात थांबत नाही न् तोंडही.

"काय वो आण्णा, तोंड का पडलंय?"

"मला नाक न्हाय, सुंदरम्मा."

"एवढं मोठं नाक दिसतंय की वो मला."

सिदूनं सगळं सांगितलं. ती हसली. मग हसायचं थांबली, कारण तो हसत नव्हता.

"मग ते कागदाचं कशाला घालता? कापड घाला की. कापड लपवत नाही काय. ओलं झालं की ओलं. हाताला लगेच कळतंय."

"मला बांदाय येत न्हाय. बाईमाणसाचं काम हाय ते."

"बरं. मग पाठवा करमाळ्याला. तिथं बाईमाणूस हाय."

समोरनं एक रिक्षा गेली. त्यानं ती मोजली नाही.

"दाव," तो म्हणाला. "कसं बांदायचं ते दाव."

तिनं सूप बाजूला ठेवलं. डोक्याचा रुमाल सोडून तिकोनी घडी केली न् पाटा-वरवंट्यातला वरवंटा मांडीवर घेतला. असं खालनं, असं दोन्हीकडनं, गाठ बेंबीच्या खाली, आत दोन बोटं जायला पाहिजेत. सिदूच्या चौथ्या फेरीला वरवंट्याचा लंगोट सुटायचा राहिला.

"नवीन कापड आणू नका," ती म्हणाली. "टोचतंय. जुनं बघा, धुवून धुवून मऊ झालेलं."

सिदूकडं धोतरं दोन. एक लग्नकार्याचं, एक रोजचं. रोजचं त्यानं दातानं कडेला कुरतडलं न् टर्रकन फाडलं. कुमार घरी आला तेव्हा बाप चड्डीवर बसून धोतराचे चौकोन करत होता. सोळा झाले होते.

"आण्णा! आता नेसणार काय तुमी?"

"तुझं ते पळायचं इजार दे."

अशा रीतीनं बाजूला पांढऱ्या पट्ट्या असलेली काळी ट्रॅकपँट, वर बंडी न् डोक्याला लाल पटका, हा सिदूचा वेश ठरला. सुंदरम्मानं बघितलं न् विडीचा दोरा सोडून हसत बसली. "हिरो दिसताय की वो!"

ऋतुजा बघत होती. नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. पोरीच्या जांघा लाल होत्या, मोकळं राहिलेलं बरं, एवढंच म्हणाली. बॅगेत मात्र रेवाची झबली, टोपडी भरायला तिनं सुरुवात केली होती.

धुण्यावरनं कुमारशी वाजलं. सिदू मोरीत उकिडवा बसून बाळुतं घासत होता.

"राहू द्या आण्णा. मी आल्यावर मशीनला लावतो. लोक बघतायत."

"लोकांस्नी काम न्हाय. मेंढीची वार काढलेला हात हाय ह्यो, त्याला काय हुतंय?"

"आन् पाणी? पाणी आता मंगळवारी येणार हाय."

"मला पाणी शिकीवतोस व्हय? दीडशे मेंढरं पाजलीत म्या एका डबक्यावर."

त्यानं रीत बसवली होती. आधी खरडायचं. मग पोरीच्या अंघोळीचं राखून ठेवलेलं पाणी. मग साबण. शेवटी तांब्याभर उकळतं, न् बाहेर उन्हात. एका बादलीत दिवस निघत होता. पिळता पिळता त्याला बजाबाईची आठवण झाली. चार पोरांची बाळुती तिनं कुठल्या विहिरीवर धुतली असतील, कुणाकुणाच्या शिव्या खाऊन. त्यानं कधी विचारलं नव्हतं. ती घरी काय करते हा प्रश्नच त्याला कधी पडला नव्हता. आता विचारायचं होतं तर ती नव्हती.

त्यानं बाळुतं झटकलं न् तारेवर टाकलं.

शनिवारी संध्याकाळी ऋतुजा रेवाला पाजून बाहेरच्या खोलीत आली. सिदू वाळलेल्या चौकोनांच्या घड्या घालत होता. ती समोर बसली.

"मामा, आज किती वेळा भिजवलं हिनं?"

साधाच प्रश्न होता. पण सिदूला कळलं, हा साधा नाही. त्यानं घडी खाली ठेवली.

"उजाडल्यावर एक. घंटागाडी आली तवा दुसरं. सुंदरम्मा इड्या द्यायला कारखान्याकडं गेली तवा तिसरं, पर थोडकंच, चार बोटं. मग झोपली. उठल्यावर लई केलं, गोधडीपातुर गेलं. साळा सुटायच्या आदी शी. पिवळी, दह्यावानी, बरी हुती. त्याच्या मागनं पाचवं. आन् दुपारधरनं दोनच. तीबी कमी, आन् जरा पिवळट." तो थांबला. "आज ऊन लई हुतं. तू तिला ऱ्हाऊन ऱ्हाऊन पाज, असं मला वाटतंय."

ऋतुजा त्याच्याकडं बघतच राहिली. वॉर्डात याच गोष्टीवरनं तिची रोज भांडणं व्हायची. पेशंटच्या पोटात किती गेलं, बाहेर किती आलं, कधी आलं, रंग कसला. छापील तक्ता देऊनही नव्या पोरी भरायच्या नाहीत, ड्युटी संपताना अंदाजानं आकडे टाकायच्या.

"हे तुम्ही ध्यानात कसं ठेवता?"

"त्यात काय ठेवायचं? कोकरू तोंडानं सांगत न्हाय काय. मागनंच सांगतंय. सकाळी उठलं की पयलं शेपटाखाली बघायचं." मग त्याला वाटलं आपण भलतंच बोललो, सुनेसमोर. त्यानं परत घडी हातात घेतली. "त्या हत्तीवाल्यात मला काय दिसंना. म्हणून चुकलो. लाल झालं पोरीला. माजी चूक हाय ती."

ऋतुजा हसली. गुरुवारपासनं पहिल्यांदा.

"लाल आता गेलंय, मामा. पण एक सांगते. रात्री डायपरच घालणार मी. आणि लस द्यायला नेताना पण. मला पहाटे उठून डबे करायचेत, रात्रभर लंगोट नाही बदलणार."

"व्हय की. रातीचं तुझं. दिवसाचं माजं."

"आणि तिला ताप वाटला, दूध नको म्हणाली, तर लगेच फोन. अंदाज बघत बसायचं नाही."

"न्हाय बसत."

ती आत गेली. सिदू मोरीकडं गेला, शेवटची दोन बाळुती भिजत पडली होती. ती पिळताना त्याला आतला आवाज ऐकू आला.

"आई, उद्या येऊ नको गं... नाही, बरी आहे ती... नाही, बाई नाही लावली कुणी." मग जरा थांबून, "मामा बघतायत."

सिदूचे हात थांबले. मग त्यानं पिळून झालेलं बाळुतं परत पिळलं. परत एकदा पिळलं. त्यात आता पाणी नव्हतं.

सोमवारी ऋतुजा पावणेआठला गेली. जाताना पोरीचा मुका घेतला, बसस्टॉपपर्यंत दोनदा मागं वळून बघितलं. सिदूनं दारातनं रेवाचा हात धरून हलवला. दिवस गेला. सोपा गेला असं नाही. अकराला ती आईसाठी रडली, तेव्हा सिदूलाही काही सुचेना. शेवटी तिला खांद्यावर टाकून तो घरकुलाच्या चार गल्ल्या फिरला, ट्रॅकपँट न् पटक्यात. कोण हसलं, कोण थांबून बोललं. तिसऱ्या गल्लीत ती झोपली. सात बाळुती झाली. एकदा गाठ सैल राहिली न् सिदूची मांडी भिजली, ती तशीच वाळली.

साडेचारला ऋतुजा आली. पांढऱ्या ड्रेसवर घामाचे डाग, केस सुटलेले. एरवी बाहेरनं आली की ती हात धुवायची न् आधी पोरगी काढून घ्यायची. आजही तिनं हात धुतले. ओढणीला पुसले. जवळ येऊन वाकून बघितलं. रेवा आजोबाच्या पसरलेल्या पायांवर, दोन पोटऱ्यांच्या मधल्या खोबणीत झोपली होती. तोंड अर्धं उघडं.

सिदू पोरगी द्यायला सावरून बसायला लागला.

"असू द्या, मामा," ती हळू म्हणाली. "झोपू द्या तुमच्याकडंच. मी चहा टाकते."

स्टोव्हचा आवाज आला, मग आल्याचा वास. तेवढा त्या नाकाला आला. तिनं कप आणून त्याच्या उजव्या हाताशी, फरशीवर ठेवला न् आपला घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसली, पाय लांब करून.

कप घ्यायचा तर सिदूला कंबरेत वाकावं लागणार होतं. वाकलं की पाय हलणार. त्यानं एकदा कपाकडं बघितलं, एकदा पोरीकडं.

चहावर साय धरायला लागली.